काचेला ऊन, गाडीला रस्ता

"तो तवा नको घेऊ गं, तो कॅमेऱ्याचा आहे."

नव्याने कामाला लागलेल्या पोळ्यांच्या बाईंना काकू बजावत होत्या. मी बाहेरच्या खोलीत चहाची वाट बघत बसले होते. बाईंचा चेहरा दिसला नाही, पण प्रश्न ऐकू आला, "कॅमेरा भाजता का काय तुम्ही?"

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी एका शब्दाचा विषय दिला होता, 'जपलेलं'. मी मनातल्या मनात पैठण्या, नथी, पितळी डबे अशी यादी करून ठेवली होती. मग एका मैत्रिणीने कोथरूडमधल्या तिच्या शेजाऱ्यांबद्दल सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर. पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभाल खात्यात सगळी नोकरी झालेली. घरात अकरा कॅमेरे आणि खाली पार्किंगमध्ये 1984 ची प्रीमियर पद्मिनी. "आणि सगळं चालतं," मैत्रीण म्हणाली. त्या 'चालतं'साठी मी गेले. काकांनी फोनवर एकच अट घातली होती. "नाव छापू नका. नाहीतर बुरशी आलेल्या लेन्सा घेऊन लोक दारात रांग लावतील." म्हणून या लेखात ते नुसते काका.

निळे खडे, गुलाबी खडे

तव्यावर भाजतात ते सिलिका जेल. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या बुटांच्या खोक्यात जी खड्यांची पुडी निघते, तेच. काकांकडे ते किलोच्या हिशोबाने आहे. कोरडे खडे निळे असतात, हवेतलं पाणी पिऊन ते गुलाबी होतात. गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतायचे, पाणी उडून जातं आणि खडे पुन्हा निळे होतात. आच मोठी केली तर काळवंडतात आणि कामातून जातात. "रवा भाजल्यासारखे भाजायचे," काका म्हणाले. आतून काकूंनी लगेच दुरुस्ती केली, "अहो, रव्याला वास येतो, म्हणून थांबायचं कधी ते कळतं. याला नुसतं बघत बसावं लागतं." तवा वेगळा ठेवण्याचं कारण मात्र गमतीचं नाही. खड्यांचा निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, तो पोटात जाणं बरं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, ते काकांनी दोन लेन्स दाखवून सांगितलं. दोन्ही एकाच जातीच्या, रशियन हेलिओस 44-2, अठ्ठावन्न मिलिमीटरच्या. एक त्यांची स्वतःची, दुसरी जुन्या बाजारातून आणलेली. मोबाइलचा टॉर्च त्यांनी लेन्सच्या मागून तिरपा धरला. पहिली काच स्वच्छ. दुसरीत कडेपासून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते.

बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतात, प्रत्येक लेन्समध्येही असतात. त्यांना जाग यायला ओल लागते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, अंधार असला आणि हवा कोंडलेली असली की धागे फुटतात. काचेवरची धूळ, बोटांचा तेलकटपणा एवढं खाणं त्यांना पुरतं. वाढताना बुरशी आम्ल सोडते. ते आधी काचेवरचा पातळ थर खातं आणि मग काचेत चरे पाडतं. सुरुवातीला सापडली तर लेन्स खोलून पुसता येते. चरे पडल्यावर बुरशी निघते, पण तिची खूण काचेवर राहते.

"आणि ही कोणाला लागते माहीत आहे? जपून ठेवणाऱ्यांना," काका म्हणाले. चामड्याच्या केसमध्ये घालून, वर मखमली कापड गुंडाळून, कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या लेन्सची बुरशी त्यांनी सर्वांत जास्त पाहिली आहे. चामडं स्वतःच ओल धरून ठेवतं. लग्नकार्यात फोटो काढणाऱ्यांच्या लेन्स बाहेरून कुटलेल्या असतात, पत्रा ठोकून सरळ केलेला असतो, पण आतली काच बरेचदा साफ. त्या रोज उजेडात येतात, उन्हातान्हात फिरतात. बुरशीला तिथे बस्तान बसवायला फुरसत मिळत नाही.

काकांच्या कपाटात आता आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आहे आणि काटा पंचेचाळीसच्या आसपास असतो. त्याच्या फार खालीही जाऊ द्यायचं नाही, कारण आतलं वंगण वाळतं. पूर्वी याच कपाटात चाळीस वॉटचा दिवा दिवसरात्र जळायचा. त्या उबेला मांजर येऊन बसायचं आणि त्याचे केस कॅमेऱ्यांत जायचे. तेव्हा दिवा गेला आणि खडे आले.

बारा फोटोंचा रोल

काकांचा पहिला कॅमेरा 1969 सालचा, पहिल्या पगारातून घेतलेला आगफा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण बनायचा बडोद्यात. प्लॅस्टिकचं हलकं खोकं. समोर ऊन आणि ढग यांच्या खुणा, आभाळ बघून त्यातली एक निवडायची आणि बटण दाबायचं. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यातले दोन देवदर्शनाला आणि चार पाहुण्यांना जायचे. उरलेले सहा स्वतःचे.

त्या काळी फिल्म हीसुद्धा मिळवायची गोष्ट होती. परदेशी रोल आयातीच्या नियमांत अडकलेले. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 1967 पासून कृष्णधवल फिल्म काढू लागला होता, तिचं नाव 'इंदू'. पूर्व जर्मनीतली ओर्वो अधूनमधून मिळायची. काका रोल न्हाणीघरात स्वतः धुवायचे. रसायनाचं तापमान वीस अंश हवं असतं आणि पुण्यात मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीला टेकतं. मग कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणायचा, घमेल्यात ठेवायचा आणि त्यात रसायनाची बाटली उभी करायची. "रसवाल्याला वाटायचं, यांच्याकडे रोज पाहुणे असतात."

सगळ्या फोटोंच्या वह्या आहेत. डाव्या रकान्यात रोलचा क्रमांक, मग फोटोचा क्रमांक, जागा, वेळ, एफ किती, शटर किती आणि शेवटी एक शब्द. मी मधूनच एक पान उघडलं. 'सिंहगड, कल्याण दरवाजा, सकाळ 7.40, एफ 8, 1/125, घाई.' खालच्या ओळीत तोच दरवाजा, 7.55 आणि शेरा 'ठीक'. त्याच्या खाली काहीच नाही. तिसरा फोटो काढलाच नव्हता. ठीक झाल्यावर थांबायचं, एवढा तो हिशोब.

1978 साली रशियन झेनिट आला, याच हेलिओस लेन्ससह. वीट हातात धरावी एवढं वजन आणि शटरचा आवाज असा की समोरचं पाखरू पहिल्या फोटोनंतर उडायचंच. 1991 मध्ये सेकंडहँड निकॉन एफएम टू घेतला. त्याला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला. शटर पूर्ण यांत्रिक, त्यामुळे सेल संपला तरी फोटो निघतो. देखभाल खात्यातल्या माणसाला याहून मोठं प्रमाणपत्र लागत नाही.

आता काकांच्या गळ्यात डिजिटल मिररलेस असतो आणि गंमत म्हणजे त्याच्यावर तीच झेनिटची हेलिओस बसवलेली. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा हलायचा, म्हणून जागा सोडावी लागे. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे लेन्स आणि सेन्सर एकमेकांच्या जवळ आले. त्या उरलेल्या जागेत धातूचं एक कडं, म्हणजे अडॅप्टर, बसवलं की पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चालते. फोकस हाताने करायचा, एवढंच. या लेन्सचा एक दोष आहे. पूर्ण उघडी ठेवली की मागची पानं गोलगोल भोवरल्यासारखी दिसतात. हल्लीच्या मुलांना नेमकं तेच हवं असतं. "तीस वर्षं याला दोष म्हणत होतो. आता त्याचे पैसे मागतात जुन्या बाजारात," काका म्हणाले.

एसी पंप आणि ओलं फडकं

दुसऱ्या भेटीत 'अहो'चं 'अगं' झालं आणि काका म्हणाले, "कासला चल. बसून काय लिहिणार आहेस?"

सप्टेंबरातला कामाचा दिवस निवडला आणि पहाटे साडेपाचला पद्मिनी काढली. काढली म्हणजे एक विधीच. बॉनेट उघडून तेलाची दांडी बघायची, रेडिएटरचं पाणी बघायचं, चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिन धरलं की चोक हळूहळू आत. 1089 सीसीचं इंजिन, साधारण चाळीस अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, म्हणून पुढची सीट सलग आणि तिथे तिसरा माणूस सहज मावतो. आज तिथे माझ्या आणि काकांच्या मध्ये कॅमेऱ्याची बॅग होती, काकू मागच्या सीटवर.

काका आयुष्यात पहिल्यांदा बसले ते डुक्कर फियाटमध्ये, मामांच्या. पन्नाशीच्या दशकातल्या त्या गोल पाठीच्या गाडीला लोकांनी दिलेलं हे नाव. तीच वंशावळ पुढे डिलाइट आणि मग 1974 मध्ये पद्मिनी झाली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती बनायची. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, मग गाडी. काकांचा नंबर लागला त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 आली होती. भावाने वेड्यात काढलं. "पण नंबर आठ वर्षांपूर्वी लावला होता. सोडवेना."

खंबाटकीचा घाट जाताना चढून जावा लागला, येताना बोगदा. घाटात मालट्रकांची रांग होती. दुसऱ्या गिअरवर, मधेच पहिल्यावर, असं वीस मिनिटं चाललं आणि एका वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागून हॉर्न. काका शांतपणे उतरले, आम्ही दोघांनी गाडी कडेला ढकलली.

बॉनेट उघडून त्यांनी इंजिनाला चिकटलेला वाटीएवढा पंप दाखवला. मेकॅनिक लोक त्याला एसी पंप म्हणतात, त्याचा गारव्याशी काही संबंध नाही. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणं हे त्याचं काम. तो इंजिनावरच बसवलेला असतो. गाडी हळू चढत राहिली की समोरून वारा लागत नाही, इंजिन तापतं, पंप तापतो आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला, वाफ त्याला ओढवत नाही. यालाच 'पंपाने एअर धरली' म्हणतात. उपाय पन्नास वर्षांत बदललेला नाही. काकांनी सीटखालून फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळलं आणि थर्मास उघडला. चहा संपेपर्यंत पंप निवला. सेल्फ मारला, गाडी सुरू.

"हल्ली जास्त होतं हे," ते म्हणाले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपातला पडदा मऊ पडतो. नाना पेठेत पडदे अजून मिळतात, पण नव्या पेट्रोलला टिकणारे मागून घ्यावे लागतात. काका दोन जास्तीचे जवळ ठेवतात, पान्यांच्या पिशवीत, सुपारीच्या डबीत.

कागदपत्रांचा घाट याहून अवघड आहे. पंधरा वर्षांनंतर गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं आणि ते पाच वर्षांपुरतंच असतं. काकांच्या गाडीचं ते अनेकदा झालं आहे. दर वेळी परिवहन कार्यालयातला कोणीतरी तरुण गाडीभोवती फेरी मारतो आणि शेवटी स्वतःचा सेल्फी काढतो. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळू लागली. पण त्या पाटीसोबत अटी येतात. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोजच्या वापराला नाही. पद्मिनीला पन्नास पूर्ण होतील 2034 मध्ये. "मला ती पाटी नको. पाटी लागली की गाडी शोकेसमध्ये गेली," काका म्हणाले. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीचं वय वीस वर्षांपलीकडे चालत नाही, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. काका त्या आठवड्यात मुद्दाम मुंबईला जाऊन आले. फोटो काढले पाच.

होमाई व्यारावाला यांचं नाव त्यांनी इथे घेतलं. नवसारीला 1913 साली जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1970 च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी सोडली. पण उतारवयात वडोदऱ्यात एकट्या राहत असताना घरातली दुरुस्ती त्या स्वतः करत आणि स्वतःची जुनी फियाट चालवत. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी ती सोडली आणि नॅनो घेतली. "लोक त्यांना फोटोंसाठी मानतात. मी फियाटसाठीही मानतो," काका म्हणाले.

सड्यावर

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचलो तेव्हा धुकं उठत होतं. नोंदणी आधी ऑनलाइन केलेली होती. वाहनतळावर पद्मिनीभोवती चार पोरं लगेच जमली.

कासचं पठार म्हणजे जांभ्याचा सडा. कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर, पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं. मोठं झाड मूळ धरू शकत नाही, म्हणून छोट्यांचं राज्य. गुलाबी तेरडा, पांढऱ्या गेंदाच्या टाचण्या, पिवळा कवला. ओलाव्यात जांभळ्या सीतेच्या आसवांचे पट्टे. हे नाजूक फूल किडे खाणाऱ्या वनस्पतीचं आहे. मातीत नत्र कमी, म्हणून मुळांसारख्या धाग्यांवरच्या बारीक फुग्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे.

पूर्वी काका इथे पोटावर झोपून फोटो काढायचे. आता झोपत नाहीत. गुडघे हे एक कारण. दुसरं कारण, झोपलेला माणूस उठतो तेव्हा त्याच्याखाली शंभर फुलं गेलेली असतात. ते पायवाटेवर घडीचं स्टूल टाकून बसले. हेलिओस आणि कॅमेऱ्याच्या मध्ये त्यांनी दोन पोकळ कडी बसवली. त्यांना एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. आत काच नसते. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की जवळच्या वस्तूवर फोकस होतो, एवढंच तत्त्व. वाटेच्या कडेलाच असलेलं एक जांभळं फूल त्यांनी निवडलं आणि थांबले. वारा पडेपर्यंत थांबले. मग ऊन ढगाआड जाईपर्यंत थांबले. आजूबाजूला मोबाइल सपासप चालले होते. पंचवीस मिनिटांत काकांनी सात फोटो काढले.

मी विचारलं, कार्डात हजारो फोटो मावतात, मग कंजुषी कशाला?

"घरी जाऊन बघायचे कोणी?" ते म्हणाले.

डोळ्यातली लेन्स

परतताना काकांनी गाडी साडेचारलाच पुण्याच्या दिशेने काढली. अंधार पडल्यावर ते चालवत नाहीत. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. समोरच्या दिव्यांभोवती अजून वलयं दिसतात.

त्या शस्त्रक्रियेने त्यांना एक वेगळाच धक्का दिला. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी त्यांनी संगणकावर आपले आधीच्या पाच-सहा वर्षांचे फोटो उघडले. सगळे निळे. आभाळ निळं, बरोबर. पण भिंत निळी, भात निळा, नातवाच्या मुंजीतलं उपरणंसुद्धा निळसर. त्यांना वाटलं, स्क्रीन बिघडला. मग लक्षात आलं. मोतीबिंदू वाढत जातो तसा डोळ्यातला भिंगाचा भाग पिवळट होतो आणि निळा रंग अडवतो. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. फोटो पिवळे दिसतात म्हणून ते संगणकावर दर वेळी थोडा निळा वाढवत गेले. बघणाऱ्यांनी सांगितलं कसं नाही? "सांगितलं होतं ना," मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, तुला रंगातलं कळत नाही."

काकांनी ते फोटो दुरुस्त केलेले नाहीत. एका फोल्डरमध्ये तसेच ठेवले आहेत. फोल्डरचं नाव 'बुरशी'.

माळा काढताना

शेवटच्या भेटीत मी तो नेहमीचा प्रश्न विचारला, पुढे या सगळ्याचं काय? मुलगा परदेशात आहे. त्याचं म्हणणं, निगेटिव्ह सगळ्या स्कॅन करा आणि बाकीचं विका. काकांनी स्कॅनिंग सुरू केलं आहे, रोज एक रोल. कॅमेऱ्यांचं मात्र त्यांनी ठरवलं आहे. दर वर्षी एक कॅमेरा कोणाला तरी द्यायचा, पण शोकेसवाल्याला नाही. घेणाऱ्याने आधी एक रोल वापरून आणून दाखवायचा. यंदा झेनिट सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलीला गेला. तिच्या पहिल्या रोलमधले अठ्ठावीस फोटो काळे आले. काकांनी पास केलं. "आठ आले की," ते म्हणाले.

निघताना मी म्हटलं, वाचकांना काही सांगायचं असेल तर? काका देखभाल खात्याचे. त्यांनी कागद घेतला आणि सूचना लिहूनच दिल्या. त्या जशाच्या तशा देते.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर कॅमेरा निघेलच. आधी त्यातले सेल काढा, ते गळले की संपर्काच्या पट्ट्या खातात. कॅमेरा चामड्याच्या केसमधून बाहेर काढा, केस परत वापरू नका. लेन्स उजेडात धरून आत टॉर्च मारा, धागे दिसले तर स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. दिसले नाहीत तर मोकळ्या हवेत, सौम्य उन्हात थोडा वेळ ठेवा, पण नजर ठेवा आणि लेन्सचं तोंड सूर्याकडे करू नका. भिंगाने कागद जळतो, शटरचा पडदाही जळेल. मग हवाबंद डब्यात निळे खडे घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून चार फोटो काढा.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर नुसती जागेवर सुरू करून पाच मिनिटांत बंद करू नका. सेल्फ मारायला जेवढी बॅटरी खर्च होते, तेवढी त्या पाच मिनिटांत भरून येत नाही. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर बाहेर काढा.